बिदर ते कलबुर्गी : निष्ठेच्या वाटेवर

भालकी तालुक्यातील एका खेड्यातल्या सरकारी मराठी शाळेचे आम्ही मुख्याध्यापक. निवृत्तीस आता थोडीच वर्षे उरली आहेत. गेल्या जानेवारीत, तुरीच्या काढणीच्या दिवसांत, आम्हांला कलबुर्गीस जावे लागले. काम कोणते, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. आमच्या पिशवीत बदलीचा अर्ज होता. शाळेचा पट वर्षानुवर्षे उतरत चालला आहे. आईबाप मुलांना कन्नड व इंग्रजी शाळांत घालतात, आणि पोटाच्या दृष्टीने त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. चिरंजीव व सूनबाई शहरात राहतात. ‘आता पुरे झाले, चार दिवस नातवंडांत काढू,’ असे सौभाग्यवतींचेही म्हणणे पडले.

बिदरला गाडीस अवकाश होता, म्हणून आम्ही महमूद गावानाच्या मदरशाकडे वळलो. दूर इराणातल्या गिलान प्रांतातून आलेला हा पुरुष बहामनी राज्याचा वजीर झाला आणि १४७२ साली त्याने हे विद्यापीठ उभारले. तीन मजल्यांच्या या वास्तूत तीन हजार हस्तलिखितांचा संग्रह होता, असे सांगतात. आज दोन मनोऱ्यांपैकी एकच उभा आहे, आणि त्यावर निळ्या-हिरव्या चिनी मातीच्या फरश्या तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहेत. गावानाच्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचा दुरुपयोग करून त्याच्या नावे एक खोटे पत्र रचले. ज्या सुलतानाची त्याने निष्ठेने सेवा केली, त्यानेच चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद करविला. वर्षभरात तो सुलतानही वारला आणि बहामनी राज्य पुढे पाच तुकड्यांत विखुरले.

त्या एकट्या मनोऱ्याखाली उभे असता आमच्या मनात आले, की धन्याने ओळखली नाही म्हणून निष्ठा वाया गेली काय? त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे सुचले नाही.

बिदर-कलबुर्गी हा लोहमार्ग २०१७ साली पुरा झाला. सुमारे एकशे दहा किलोमीटरांची ही वाट आहे. बिदरची तांबडी जांभ्याची माती मागे पडते, हुमनाबाद जाते, लाल केळ्यांसाठी नाव मिळविलेले कमलापूर येते आणि मग दोहो बाजूंस काळ्या रानात तुरीच पसरलेल्या दिसतात. डब्यात कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच बाकावर बसल्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद संस्थानाचा हा बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. आमच्या घरी तेव्हापासून रविवारची उपासना कन्नडात आणि सायंप्रार्थना मराठीत चालत आली आहे. सीमेवरच्या माणसास ‘तुमची निष्ठा कोठे?’ हा प्रश्न लोक सहज विचारतात. दोन भाषांत एकाच प्रभूची स्तुती करणाऱ्यास तो तितकासा अवघड वाटत नाही.

कलबुर्गीच्या कचेरीत साहेब दौऱ्यावर होते. ‘पुढल्या आठवड्यात या,’ असे उत्तर मिळाले. आम्ही एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो. जेवणे आटोपल्यावर ते म्हणाले, “सर, पंडिता रमाबाईंनी केडगाव सोडून इतक्या लांब आमच्या गुलबर्ग्यात शाळा का काढली, सांगा बरे?”

गोष्ट खरी आहे. १९१२ साली रमाबाईंनी येथे ख्रिस्ती हायस्कूल उभे केले आणि त्याची धुरा आपली एकुलती एक कन्या मनोरमाबाई हिच्यावर सोपविली. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेल्या या तरुणीला मुंबई-पुण्यास मान काय कमी मिळाला असता? पण निजामाच्या राज्यातला हा मागासलेला मुलूख तिने पत्करला. केडगाव आणि गुलबर्गा ही दोन्ही गावे मुंबई-मद्रास लोहमार्गावरचीच. तेव्हा आईच्या मुक्ती सदनाहून लेकीच्या शाळेपर्यंत एकच रूळ जात होता.

रमाबाईंची निष्ठा आंधळी नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करण्याचे त्यांनी नाकारले, आणि ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीही त्या निर्भयपणे वाद घालीत. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे शारदा सदनापासून दूर झाले, तरी मुलींचे शिक्षण त्यांनी थांबविले नाही. हांजी हांजी करणे आणि विश्वासू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची नजर धन्याच्या चेहऱ्याकडे असते. दुसरीची, हाती दिलेल्या कामाकडे.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. जिच्या हाती सारे सोपवायचे, तीच आधी गेली. तरीही वृद्ध मातेने वर्षानुवर्षे चालविलेले बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम खाली ठेवले नाही. ते तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. तारीख गावानाच्या मृत्यूचीच. हा निव्वळ योगायोग. पण बिदरच्या मनोऱ्याखाली पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या रात्री त्यातून मिळाले. सुलतान गेला, राज्य गेले. विद्येसाठी बांधलेली भिंत मात्र पाचशे वर्षांनंतरही उभी आहे. लेक गेली, तिने शिकविलेली मुले राहिली.

आपल्या प्रभूने सांगितलेला रुपयांचा दाखला आम्ही वर्गाबाहेर कितीदा तरी समजावून दिला असेल. पण त्यातली एक बारीक गोष्ट आमच्या ध्यानात त्या रात्रीच आली. पाचांचे दहा करणारा दास आणि दोहोंचे चार करणारा दास, या दोघांनाही धन्याने अगदी त्याच शब्दांत शाबासकी दिली आहे. हिशेब रकमेचा नाही, विश्वासूपणाचा आहे. आणि ज्याला ठपका मिळाला, त्याने काही चोरले नव्हते. त्याने आपला रुपया फक्त पुरून ठेवला होता.

आमचा रुपया म्हणजे ती उतरत्या पटाची शाळा.

फार मोठे धैर्य आम्ही दाखविले असे वाचकांनी समजू नये. त्या दिवशी साहेब जागेवर भेटले असते, तर अर्ज दिलाही असता. पुढल्या आठवड्यात मात्र आम्ही गेलो नाही. सौभाग्यवतींना सारे सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “नातवंडांना सुटीत इकडेच बोलावू.” त्यांच्या त्या शब्दांत केवढा त्याग होता, हे आम्हांला कळते, घरच्या माणसांची निष्ठा अशीच बहुधा हिशेबाबाहेर राहते.

अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. जूनमध्ये पहिल्या घंटेला आम्ही हजेरीपट उघडू. नावे किती असतील हे आमच्या हाती नाही. जी असतील ती सारी, एकेक करून, मोठ्याने वाचणे आमच्या हाती आहे.