एक पाटा जास्त

महाड-पोलादपूरकडे गेलात तर रस्त्याकडेच्या रिकाम्या पिकअप नीट बघा. बऱ्याच गाड्यांचं बूड वर आणि तोंड खाली, नांगी उगारलेल्या विंचवासारखं! कंपनीतून गाडी थोडी अशी येतेच, पण एवढी नाही. मागे पाटे वाढवलेले असतात. पाटे म्हणजे आपल्या पुस्तकातल्या लीफ स्प्रिंग.

पोलादपूरच्या आमच्या दादाला (मामेभाऊ, पण सख्ख्याहून सख्खा) हेच करायचं होतं. तो वाई-महाबळेश्वरकडून भाजी भरतो आणि आंबेनळी घाटाने खाली महाडला आणतो. माल भरला की गाडी मागून बसायची, खड्ड्यात धाडकन आपटायची. "दोन पाटे टाकतो, मग बघ कशी उभी राहते!" शनिवारी मी गावीच होतो, गेलो बरोबर महाडच्या पाटेवाल्याकडे.

हिशोब तसा सोपा आहे. सारख्या मापाचे पाच पाटे असतील आणि सहावा टाकला, तर ताठपणा साधारण 20 टक्के वाढतो. जाडीचं मात्र वेगळं. तिथे घनाचा हिशोब! पाटा 10 टक्के जाड घेतला की तो 33 टक्के ताठ होतो. त्यामुळे "जरा जाडच टाक रे" यातला 'जरा' फसवा आहे. तिसरा प्रकार हेल्पर पाट्याचा. हा जवळजवळ सरळ असतो, रिकाम्या गाडीत नुसता बसून असतो, आणि माल भरून वरचे पाटे दबले की कामाला लागतो. मला विचाराल तर सगळ्यात शहाणी रचना हीच. (आमच्या ऑफिसात उलटे हेल्पर आहेत, काम आलं की गायब. असो.)

मिस्त्रीने जॅक लावला, यू-बोल्ट सोडले, आणि हसला. "शेठ, वाढवायचं काय? आहे तेच तुटलंय." तिसरा पाटा मधल्या भोकापाशी बरोबर दोन तुकडे. यू-बोल्ट ढिले राहिले की पाटा तिथेच जातो. शॅकलचे बुशही संपलेले. म्हणजे गाडी बसत होती ती मोडल्यामुळे!

तरी दादा दोन पाट्यांवर अडून. मग मी गाडीखाली वाकून त्याला एक दांडा दाखवला. बऱ्याच पिकअपमध्ये चासी आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये असा दांडा असलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरून चासी खाली आली की व्हॉल्व्हला कळतं, गाडी जड आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. रिकाम्या गाडीत कमी देतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता पाटे वाढवून गाडी बसूच दिली नाही, तर? वर दीड टन भाजी, आणि व्हॉल्व्ह समजतोय गाडी रिकामी! सेन्सरला खोटा डेटा दिला की प्रोग्रॅम बरोबर असून उत्तर चुकतं, तसंच. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्यांवर.

"काही लोक तो दांडा तारेने वर बांधून टाकतात," मिस्त्री म्हणाला. म्हणजे मागे कायम पूर्ण प्रेशर. पोलादपूरच्या पावसात, रिकाम्या गाडीत, ओल्या वळणावर!

आणि घाट केवढा? महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत गाडी बाराशे मीटरहून जास्त खाली उतरते. गाडी-माल मिळून तीन टन धरले, तर सव्वाशे लिटर पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गियरमध्ये इंजिन बरीच घेतं, उरलेली ब्रेक घेतात. पाटा यातलं काहीच घेत नाही. त्याने ब्रेक वाढत नाहीत, टायर वाढत नाहीत, आरसी बुकातलं वजनही वाढत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझं बरोबर आहे रे. पण दहा क्रेट जास्त आले तरच डिझेल सुटून हप्ता निघतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात बसून त्याचा हप्ता मी भरत नाही.

शेवटी त्याच मापाचा नवा पाटा, नवे बुश, नवे यू-बोल्ट आणि एक हेल्पर, एवढ्यावर तोडगा निघाला. दांडा मिस्त्रीने पुस्तकातलं माप बघून पुन्हा सेट केला. दहा क्रेटचं काही ठरलं नाही. "पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट आवळून घ्या, विसरू नका," मिस्त्रीने दोनदा सांगितलं.

तुटलेला पाटा दादाने सीटमागे टाकला. लोहाराकडून त्याचा कोयता करून घेणार आहे. स्प्रिंगचं पोलाद, धार छान टिकते म्हणे.