पाट की वाट

तो शब्द ‘पाट’ होता की ‘वाट’, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि आजही कळलेले नाही. परंतु समोर बसलेल्या वृद्ध शेतकऱ्याने, घडीवर झिजून जिथे कागदाचे केवळ तंतू उरले होते तिथे बोट ठेवून माझ्याकडे पाहिले, तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता मी ‘पूर्वेस वाट’ असे वाचून टाकले, आणि तो मला ‘दादा’ म्हणून, हात जोडून, समाधानाने निघून गेला.

कन्नौदच्या ह्या मुलखावर एके काळी होळकरांचा अंमल होता, त्यामुळे मोडीतले कागद अजूनही कोणाच्या ना कोणाच्या पेटीतून निघतात, आणि आमचे घर मराठी म्हणून ते माझ्याकडे येतात. मोडी मी चाळिशीनंतर एका जुन्या पुस्तकावरून शिकलो. आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगत जाणारी ही लिपी शब्दाशब्दांत जागा सोडत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाही. ती वाचणारा निम्मे डोळ्यांनी वाचतो आणि निम्मे पूर्वी वाचलेल्या शेकडो कागदांच्या स्मरणाने. माझ्यापाशी ते शेकडो कागद नाहीत.

आजी म्हणत असे, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ह्या म्हणीने मला बरेच दिवस छळले आहे. पैशाचे सोंग का आणता येत नाही? तर दुकानदार तिथल्या तिथे रोकड मागतो म्हणून. विद्येची रोकड कोण मागणार? जो स्वतः जाणता आहे तोच. आणि ज्या गावात दुसरा मोडीवाचक नाही, तिथे माझे नाणे वाजवून पाहणारा सराफच नाही. पण मग सावकाराची हुंडी कशावर चालत होती? पेढीची पत होती तोवर तो कागद पैसाच होता. म्हणजे पैशाचेही सोंग येते, फक्त ते अनेकांनी मिळून आणावे लागते. आणि इथवर आल्यावर, ज्या म्हणीचा आधार घ्यायला निघालो तीच हातातून निसटते.

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी, कर्तृत्व सिद्ध होऊनही आपण तोतये आहोत असे मनोमन मानणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिले. ते वर्णन मला लागू करावे असा मोह होतो, पण त्या स्त्रियांचे कर्तृत्व खरे होते. माझे तसे आहे काय, हाच तर प्रश्न आहे.

अशा वेळी मला आमच्याच जिल्ह्यातल्या देवासची आठवण होते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात असे, आणि अगदी बालवयातच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. म्हणजे सनद आधी हाती आली आणि स्वतःचे गाणे पुढे यायचे होते. एवढीशी हरकत, श्वास घेण्याची एवढीशी जागा, सारे दुसऱ्याचे. तरी कोणी त्याला तोतया म्हटले नाही. पुढे मुंबईस देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले, आणि १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमारजी हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षे गाणे वर्ज्य होते. कंठ मिटलेला असताना कानांवर मात्र माळव्यातल्या बायकांची गाणी पडत राहिली, आणि त्या लोकधुनांतून त्यांना नवे राग दिसले; त्यांचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्या मौनात त्यांना आपले काही गवसले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु त्या धुनाही ऐकलेल्याच होत्या. मग लहानपणची नक्कल कुठे संपली आणि गाणे कुठे सुरू झाले? अंथरुणावर पडल्या पडल्या, तबकड्यांतले ते परके श्वास अद्याप आपल्या छातीत आहेत काय, असे त्यांना कधी वाटले असेल का? मला वाटते, वाटले असावे. पण हे मी माझ्या गरजेपोटी म्हणत आहे, आणि एका थोर माणसाच्या आजारपणाला माझ्या शंकेचा साक्षीदार करणे मला बरे वाटत नाही.

शिवाय त्यांच्या गाण्याने कोणाच्या शेताची हद्द सरकणार नव्हती. माझ्या एका शब्दाने पाण्याचा पाट जाऊन तिथे वाट आली असेल. ‘इथे अक्षर लागत नाही’ एवढे चार शब्द मी का उच्चारले नाहीत? ते म्हटले असते तर त्याचा माझ्यावरील विश्वास उणावला असता, की तो दुसरा कागद घेऊन पुन्हा आला असता?

त्या दिवशी कागद परत देण्यापूर्वी तेवढी ओळ मी पातळ कागदावर उतरून घेतली होती. आज सकाळी ती नक्कल भिंगाखाली धरली. अक्षराच्या पोटात एक बारीक वळण स्पष्ट दिसते आहे. ते कारकुनाच्या बोरूचे आहे की उतरताना माझ्या पेन्सिलीने घातलेले, हे मला सांगता येत नाही.