अलीला बूट मिळाले का?

मुलांनो, तुमच्यासारखीच मलाही गोष्ट पूर्ण लागते. लहानपणी आजी गोष्ट सांगता सांगता पेंगायला लागली की मी तिला गदागदा हलवायची. "पुढं काय झालं? राजकन्या सापडली का?" कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय मला झोपच यायची नाही.

सिनेमाचंही तेच. 2014 साली मी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पाहिला. शेवटी चिडलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळाकुट्ट! शेजारचे गृहस्थ म्हणाले, "लाईट गेली वाटतं." मलाही क्षणभर तसंच वाटलं. जब्या पुढं शाळेत गेला की नाही? मी पडले शिक्षिका, मला आधी हेच कळायला हवं होतं. घरी पोचेपर्यंत मी आमच्या ह्यांच्याशी भांडत होते, जणू सिनेमा ह्यांनीच काढला होता!

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाला मी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' दाखवला. माजिद माजिदी या इराणी दिग्दर्शकाचा हा 1997 सालचा सिनेमा. ऑस्करचं नामांकन मिळवणारा इराणचा हा पहिलाच. भाषा फारसी, खाली इंग्रजी अक्षरं. मग मीच मधे मधे मराठीत सांगत होते. खरं तर फारसं सांगावंच लागलं नाही.

अली नावाचा मुलगा धाकट्या बहिणीचे, जाहराचे, बूट दुरुस्त करून आणताना हरवतो. घरी सांगायची सोय नाही, वडिलांकडे पैसेच नाहीत. मग दोघं अलीचेच बूट वाटून घेतात. सकाळी जाहराची शाळा, दुपारी अलीची. शाळा सुटली की ती पळत सुटते, अली बोळात वाट पाहत उभा. बूट बदलले की तो पळत सुटतो! एकदा तर बूट वाहत्या गटारात पडतो. तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी पोरं उभीच राहिली.

पुढं धावण्याची शर्यत येते. तिसऱ्या नंबराच्या बक्षिसात बूट असतात. अलीला तिसराच नंबर हवा असतो, आणि येतो पहिला! सगळे त्याचे फोटो काढतात आणि तो रडतो. घरी येतो, जाहरा त्याच्याकडे बघते आणि न बोलता आत जाते. अली फाटके बूट काढतो, फोड आलेले पाय हौदात सोडतो. लाल मासे पायांभोवती गोळा होतात. संपला सिनेमा.

"बाई, अडकलं का?" एकानं विचारलं. "नाही रे, संपलं." मग जो गलका झाला! "असं कसं? बूट मिळाले का नाही?" मी मुलांच्याच बाजूची. म्हटलं, "असंच असतं या लोकांचं. गोष्ट अर्धी सोडतात आणि वर बक्षिसं घेतात."

तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "बाई, बाबांच्या सायकलवर होते की बूट." ही मुलगी वर्गात सहसा बोलत नाही.

आम्ही सिनेमा मागं नेला. खरंच! शेवटाच्या जरासं आधी वडिलांची सायकल दिसते. बाजारातून आणलेल्या सामानात दोन नवे जोड, एक अलीसाठी, एक जाहरासाठी. काही क्षणच, पण दिसतात. मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिला होता. दिवसभर "नीट लक्ष द्या, नीट लक्ष द्या" म्हणून ओरडणारी मी!

तरी भांडण मिटलं नाही. "आपल्याला कळलं, पण अलीला कुठं माहीत आहे?" असा एकाचा मुद्दा. दुसरा म्हणाला, "बाबा घरी येणारच ना थोड्या वेळानं." मला विचाराल तर दिग्दर्शकानं अजून दोन मिनिटं थांबायला हवं होतं. जाहराला बूट घालून अंगणात एक चक्कर मारू दिली असती तर त्याचं काय बिघडलं असतं? हे मी आजही म्हणेन. 'फँड्री'च्या वेळी तर मागं नेऊन पाहायलाही सायकल नव्हती.

पण ते बूट तिलाच कसे दिसले, हे मला वर्ग सुटल्यावर कळलं. व्हरांड्यात ती बूट घालत होती. मोठ्या भावाचे असावेत, टाचेला चांगलेच सैल. पुढं कागदाचा बोळा कोंबलेला. वर्षभर ती माझ्यासमोर हेच घालून येत होती.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी सगळ्या वर्गाला कागदावर पाऊल ठेवून कड काढायला सांगितली आणि पट्टीनं मापं घ्यायला लावली. तिचं पाऊल 20 सेंटिमीटर भरलं. बाकीचे कागद परत केले, तिचा मात्र घडी करून पर्समध्ये ठेवला.

"माझाच कशाला, बाई?" तिनं विचारलं.

"असंच," मी म्हटलं.