उजवा हात देवाचा

३० जानेवारी २०२५, कोळिसरे

अभिषेकाच्या वेळेलाच गाठलं. एकदा पितांबर नेसवला, हार पडले की विष्णूचं मुख तेवढं दिसतं, आणि मुखावरून कुठला विष्णू ते कळत नाही. ओळख सगळी हातांत. पुजारीकाकांनी समई जवळ सरकवली. काळ्या पाषाणावरून पाणी निथळत होतं. उजव्या खालच्या हातात पद्म, त्याच्या वर शंख. डावीकडे वर चक्र, खाली गदा. म्हणजे केशव. लक्ष्मीकेशव हे नाव मूर्तीनं स्वतःच सांगितलेलं आहे.

संध्येत घेतात त्या चोवीस नावांतलं हे पहिलं. चार हात, चार आयुधं. जागा बदलत गेलं की प्रकार होतात बरोबर चोवीस. अग्निपुराणात हे क्रम दिले आहेत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तही आहेत. काही नावांपाशी ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, पण केशवाचं पक्कं. गोम एवढीच की मोजणी देवाच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करायची, तिथून वर आणि मग पलीकडे उतरायचं. शेजारचे एक गृहस्थ आपल्या उजवीकडून मोजू लागले: गदा, चक्र, शंख, पद्म. हा तर माधवाचा क्रम!

“अहो, उजवा हात देवाचा बघायचा, तुमचा नव्हे,” काका म्हणाले.

१ फेब्रुवारी, हेदवी

माघी गणेशोत्सव. रांगेत बराच वेळ गेला, पण समोर आल्यावर डोळे निवले. पांढऱ्या संगमरवरातला दशभुज, मांडीवर सिद्धलक्ष्मी. चक्र, त्रिशूळ, धनुष्य, गदा, कमळ, पाश, स्वतःचाच मोडका दात, भाताची लोंबी, सोंडेत कलश. महागणपतीच्या ध्यानश्लोकाशी ताडून बघावं, यादी जुळते. श्लोकातलं धनुष्य मात्र उसाचं आहे, एरवी ते मदनाच्या हातात असतं.

माझी नजर खिळली ती महाळुंगावर. एवढी शस्त्रं आणि मधेच एक फळ, पोटात बियाच बिया असलेलं. बीज, वृद्धी, भरलं घर. हेच फळ कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात आहे. लोंबीचंही तसंच. भातावर जगणाऱ्या कोकणात ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

२ फेब्रुवारी, गणपतीपुळे

परतीच्या वाटेवर थांबलो. इथे ना दहा हात, ना चार. देव स्वयंभू, डोंगर हाच देव, म्हणून प्रदक्षिणाही डोंगराला. शास्त्र बाहेर चपलांपाशी ठेवून यावं.

४ फेब्रुवारी, कशेळी

रथसप्तमी, कनकादित्याचा उत्सव. कालिकावाडीहून कालिकादेवी आलेली, पाय ठेवायला जागा नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट या देवस्थानाची मोठी ठेव. मूर्ती प्रभासपट्टणाकडून समुद्रमार्गे आली, अशी कथा.

कथा तपासायला मूर्तिशास्त्र कामाला येतं. वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त सूर्याला उत्तरेकडचा वेश सांगितला आहे, पायांपासून छातीपर्यंत अंग झाकलेलं. म्हणून उत्तरेत आणि गुजरातेत सूर्याच्या पायांत उंच बूट दिसतात. दक्षिणेतला सूर्य अनवाणी. तेव्हा मूर्ती कुठल्या घडणीची, हे विचारायचं ते पायांना. आज उत्सव, पायांवर फुलांची रास. बरोबरच आहे, आज देवाकडे अभ्यासाला यायचंच नसतं.

५ फेब्रुवारी, रत्नागिरी

टिपणं उतरवताना एक गोष्ट खटकली. आपल्या देवळांबाहेरच्या फलकांवर आख्यायिका असते, जीर्णोद्धाराचं साल असतं, देणगीदारांची नावं तर असतातच. मूर्तीच्या कुठल्या हातात काय, हे बहुधा नसतं. आणि अभिषेकानं दगड झिजला की वज्रलेपाची टूम निघते. कोल्हापुरात २०१५ साली अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन झालं, तेव्हा मस्तकावरच्या नागावरून केवढा वाद पेटला! ग्रंथात नाग स्पष्ट सांगितलेला, तरी पेटला.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे. लेपाचा विषय निघण्याआधी, वस्त्रालंकार नसताना, मूर्तीचे चारही बाजूंनी नीट फोटो काढून दप्तरी ठेवा. आयुधं देवाच्या उजव्या खालच्या हातापासून क्रमानं लिहून घ्या आणि त्यावर पुजाऱ्यांची सही घ्या. फलकावर त्या चार ओळींना जागा द्या. देणगीदारांची यादी थोडी खाली सरकली तरी चालेल.