टळलेला मुहूर्त

अंबाजोगाईस मी चार वेळा गेलो. चारही वेळा सौ.ने ओटी भरली, प्रसाद घेतला नि आम्ही परतीची एस.टी. गाठली. कोकणस्थांची कुलस्वामिनी बीड जिल्ह्यात कशी, हे कुणाला विचारावेसे वाटले नाही. परळीच्या वैजनाथाशी योगेश्वरीचे लग्न ठरले होते, पण मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी इथली कथा. तीही ऐकून सोडून दिली.

गावोगावच्या देवांची अशी नाती समजून घ्यायला ॲन फेल्डहाउस अमेरिकेहून आल्या. विद्यार्थिदशेत मराठी शिकून महानुभावांच्या सूत्रपाठाचा त्यांनी अभ्यास केला. पुढे नद्या, यात्रा धुंडाळून २००३ साली ‘कनेक्टेड प्लेसेस’ हा ग्रंथ लिहिला. मी मात्र वर्गात ‘विवेकसिंधू’वर टिपणे सांगत राहिलो!

यंदा मुकुंदराजांच्या समाधीपाशी एका गुराख्याने मलाच विचारले, “गुरुजी, देवी मूळची कोकणातली का इथली?”

मराठीचा प्राध्यापक निरुत्तर झाला. मग म्हटले, “बाबा, तुम्ही काय ऐकलंय ते सांगा.” दगडावर बसून वही उघडली.

परतीची गाडी चुकली. मुहूर्त मात्र या वेळी साधला.