शिसपेन्सिल आणि जांभूळ

गंगाराम तांबट हे नाव पुण्यात तरी किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी या गृहस्थाने वेरूळची लेणी रेखाटली, पर्वती रेखाटली, शिकारखान्यातला गेंडादेखील सोडला नाही! जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे आपल्या माणसांच्या हाती विलायती पद्धतीचे रेखाटन आले. (शिसपेन्सिल म्हणतो आपण, शिसे तीत नसतेच, असते ते ग्राफाइट.)

मॅलेटसाहेबांचा मुक्काम मुळा-मुठेच्या संगमावर. ते विलायतेस गेले आणि चित्रेही गेली. आज ती अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपला ठेवा परदेशी गेला म्हणून हळहळ वाटते, मलाही वाटते. पण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची ती वकिलात जाळली गेली. एल्फिन्स्टनची पुस्तके, कागदपत्रे, सारे गेले. चित्रे तिथे राहिली असती तर?

हे सारे मनात घोळू लागले ते आमच्या घोटीच्या घरापायी. भावंडांत वाटणी झाली, घर पाडायचे ठरले. घोटीचा पाऊस म्हणजे काय ते इगतपुरीकडच्या माणसालाच विचारावे. म्हणून कौले चांगली उतरती, वळचण लांब. मागे परसू, आणि आभाळ मोकळे असले तर कळसूबाईचे शिखर. धाकट्याने मोबाइलवर भराभर फोटो घेतले. मी वही घेऊन परसात बसलो.

फोटो क्षणात निघतो. रेघ ओढायची तर खांब मोजावे लागतात. तिसरा खांब इतरांहून बारीक आहे, हे इतक्या वर्षांत प्रथमच दिसले.

आत्या मागे येऊन उभी राहिली. वय ८४, चष्मा कपाळावर.

"जांभूळ कुठे आहे?"

"आत्या, ते तोडून चाळीस वर्षे झाली."

"मग काय झाले? विहिरीशेजारी होते. काढ."

काढले. तिने वही डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली.

"ही फांदी आणखी खाली हवी. तिच्यावरून आम्ही कौलांवर उतरायचो. तुझ्या आजोबांना सांगू नकोस!"

आजोबा जाऊन पन्नास वर्षे झाली. मी खोडरबर घेतले आणि फांदी खाली आणली.