पडायचेच आहेत म्हणून?

वरंधला आमच्या आजोळी मुलाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून कौलांवर भिरकावीत. जुना घे, नवा दे, एवढे म्हटले की हिशेब मिटला! पडण्यापूर्वी त्या दाताची विचारपूस मात्र कुणी करीत नसे. "पडायचेच आहेत मेले," म्हणत मामी मुलाच्या हाती गुळाचा खडा ठेवी.

पण दुधाचे हे वीस दात मागून येणाऱ्यांची जागा धरून बसलेले असतात. किडलेली दाढ अकाली काढावी लागली, की शेजारच्या दाढा त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा उगवतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे एक दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी काहीच पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. ती असते जन्माची!

तेव्हा पहिला दात दिसताच घासायला लागावे. सकाळी आणि रात्री झोपताना. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. मशेरी मुलांच्या बोटाला लागूच देऊ नये. ती भाजलेली तंबाखूच. गोड दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवू नये.

दिवाळीचा लाडू मुलांनी खावाच. पण जेवणाबरोबर, दिवसभर चघळत नव्हे. आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचा ब्रश आईने नाहीतर बाबांनी आपल्या हाताने फिरवावा, मूल कितीही पेंगुळलेले असो.